कुत्र्याच्या कोपराचा डिसप्लेसिया: पहिल्या लंगडण्यापासून रोजच्या सांभाळापर्यंत

पाच-सहा महिन्यांचं लॅब्रॅडॉर सकाळी उठताना पुढचा पाय जरा जपून टाकतं. दहा-बारा पावलं गेलं की नीट चालायला लागतं, म्हणून घरचे विसरून जातात. आठवड्याभराने मैदानात हुंदडून आल्यावर पुन्हा तेच. मग सोसायटीतलं कोणीतरी सांगतं, "कॅल्शियम कमी पडत असेल, बाटली सुरू करा." बाटली सुरू होते, लंगडणं कधी कमी तर कधी जास्त होत राहतं, आणि ज्या दोन-तीन महिन्यांत निदान होऊन काही करता आलं असतं ते हातचे जातात. अशा लंगडण्यामागे कोपराचा डिसप्लेसिया, म्हणजे कोपराच्या सांध्याची सदोष घडण, असू शकते. मोठ्या जातीचं पिल्लू पुढच्या पायाने पंधरा दिवसांपेक्षा जास्त लंगडत असेल, तर आधी तपासणी आणि एक्स-रे. कॅल्शियमची बाटली तोवर कपाटात.

आत नेमकं काय बिघडतं

पुढच्या पायाच्या वरच्या भागात, छातीच्या कडेला, मागच्या बाजूने हाताला लागणारा टोकदार उंचवटा म्हणजे कोपर. तिथे तीन हाडं भेटतात: वरून ह्युमरस, खालून रेडियस आणि अल्ना. खालची दोन हाडं जोडीने वाढतात. एक मागे पडलं की सांध्याच्या आत मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पायरी तयार होते. बिजागरीचा एक पत्रा वर-खाली बसला की दार कसं एकाच जागी घासतं, तसं इथे होतं. पिल्लाचं वजन सांध्यात सगळीकडे सारखं पसरण्याऐवजी एका कोपऱ्यावर येतं.

डिसप्लेसिया हे एका दोषाचं नाव नाही, त्यात चार वेगळे दोष येतात आणि एकाच कोपरात दोन-तीन एकत्रही सापडतात. सर्वांत जास्त दिसतो तो कोरोनॉइडचा. अल्नाच्या आतल्या बाजूला असलेल्या या छोट्या टोकाला भेगा पडतात किंवा त्याचा तुकडाच सुटतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, बर्नीज माउंटन डॉग ही त्याची नेहमीची गिऱ्हाइकं. दुसरा अँकोनियलचा. अल्नाच्या वरच्या बाजूला चोचीसारखं एक टोक असतं, ते वयाच्या साधारण २० आठवड्यांपर्यंत मूळ हाडाला जुळायला हवं. नाही जुळलं तर ते सांध्यात सुटं हलत राहतं. जर्मन शेफर्डमध्ये याचीच शंका पहिली घ्यावी. तिसऱ्यात ह्युमरसच्या खालच्या टोकावरची कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडावर असलेलं गुळगुळीत आवरण, पापुद्र्यासारखी सुटते. चौथा दोष म्हणजे वर सांगितलेली पायरी, जी बाकीच्या दोषांच्या मुळाशीही असू शकते.

वाट कुठलीही असली तरी शेवटी कूर्चा झिजते, सांध्याच्या कडेने हाडाचे काटे वाढतात आणि संधिवात कायमचा मुक्कामाला येतो. हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. चांगला सांभाळला तर यातली बरीच कुत्री म्हातारपणापर्यंत मजेत फिरतात.

कारण मुख्यतः आनुवंशिक आहे, तेही एका जनुकाचं नाही, अनेक जनुकांचं मिळून. त्यावर भर घालतात तीन गोष्टी: पिल्लूपणी भरमसाट खाणं, त्यामुळे झपाट्याने वाढलेलं वजन आणि गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम.

पहिली पायरी: घरी नीट बघा आणि मोबाइलवर टिपा

आधी पंजा तपासा. काटा, दोन बोटांच्या मधली जखम, तुटलेलं नख, गोचीड. पावसाळ्यात बोटांच्या मधली कातडी ओली राहून लाल होते, तेवढ्यानेही कुत्रा पाय धरतो. पंजात काही नसेल तर व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर घाबरलेलं कुत्रं हमखास नीट चालतं, त्यामुळे हा व्हिडिओ डॉक्टरांच्या फार कामाचा.

सपाट डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता निवडा. कोणीतरी पट्टा सैल धरून कुत्र्याला सरळ चालवावं, मग हळू दुडक्या चालीने पळवावं. मोबाइल कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवर धरून समोरून येताना, पाठमोरं जाताना आणि बाजूने असे तीन तुकडे घ्या. एक तुकडा स्लो मोशनमध्ये. एक व्हिडिओ सकाळी झोपेतून उठल्या उठल्याचा हवाच, कारण हा सांधा विश्रांतीनंतर आखडतो.

आता डोकं बघा. दुखरा पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी कुत्रा डोकं वर उचलतो, त्या पायावरचा भार हलका करायला. चांगला पाय टेकतो तेव्हा डोकं खाली येतं. बहुतेक लोक हे उलटं वाचतात, ज्या पायावर डोकं खाली जातं तोच दुखरा समजतात आणि डॉक्टरांना चुकीचा पाय सांगतात.

दोन्ही कोपरं दुखत असतील तर डोक्याची ही खूण दिसतच नाही, आणि या आजारात दोन्ही बाजू बिघडलेल्या असणं फार सर्रास आहे. तेव्हा बघायचं ते असं: पुढची पावलं तोकडी पडतात, उभं राहिल्यावर पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले दिसतात, वजन मागच्या पायांवर टाकलेलं असतं, फिरायला नेलं की अर्ध्या वाटेत बसकण मारतं, जिना चढताना काही वाटत नाही पण उतरताना थबकतं. अशा पिल्लाला घरचे "आळशी" म्हणतात. सहा महिन्यांचं लॅब आळशी असत नाही.

कोपराला हात लावून बघायचा असेल तर कुत्रं उभं असताना दोन्ही कोपरं एकाच वेळी दोन हातांत धरा. कोपराच्या टोकाच्या जरा पुढे, बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं तर एक खळगा लागतो. सांध्यात पाणी धरलं असेल तर तो खळगा भरून येतो आणि मऊ, फुगीर लागतो. दोन बाजूंत फरक जाणवला तर नोंद करा. पाय जोरात वाकवून बघण्याचा उद्योग घरी करू नका. ते डॉक्टरांचं काम आहे, आणि दुखलं तर आपलंच कुत्रं आपल्यालाच चावेल.

लंगडणारं प्रत्येक पिल्लू कोपराचंच असतं असंही नाही. पॅनोस्टायटिस नावाचा हाडांचा दाह याच वयात, विशेषतः जर्मन शेफर्डमध्ये होतो. त्यात आज हा पाय, पंधरा दिवसांनी तो पाय असं लंगडणं फिरत राहतं, सांध्याऐवजी हाडाच्या मधोमध दाबलं की पिल्लू ओरडतं आणि वाढीबरोबर तो आपोआप जातो. खांद्याच्या सांध्यातही कूर्चा सुटू शकते. आणि आपल्याकडे गोचीड ताप विसरून चालत नाही: सांधे दुखणं, ताप, खाणं सोडणं एकत्र दिसलं तर आधी रक्ततपासणी.

दुसरी पायरी: निदान

डॉक्टर कोपर पूर्ण वाकवून, पूर्ण ताणून आणि पंजा आत-बाहेर फिरवून कुठे दुखतं ते बघतील. त्यानंतर एक्स-रे. इथे चार गोष्टी आग्रहाने मागा.

दोन्ही कोपरांचे एक्स-रे हवेत, लंगडणारा पाय एकच असला तरी.

प्रत्येक कोपराचे किमान दोन, शक्यतो तीन फोटो हवेत: बाजूने मध्यम वाकवून, बाजूने पूर्ण वाकवून, आणि समोरून किंचित तिरका. पूर्ण वाकवलेल्या फोटोत अँकोनियल टोक मोकळं दिसतं. पाय सरळ ठेवून काढलेल्या एकाच फोटोवर "सगळं नॉर्मल आहे" हा शेरा घेऊन घरी येऊ नका.

हलकी भूल द्यावी लागते. धडपडणाऱ्या कुत्र्याचा फोटो तिरका येतो आणि तिरक्या फोटोत दोन मिलिमीटरचा काटा लपतो. भुलेसाठी पोट किती तास रिकामं ठेवायचं ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. "एवढंसं दूध दिलं होतं" हे टेबलावर चढवल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

आणि फोटोची मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. मोबाइलने फिल्मचा काढलेला फोटो दुसऱ्या मतासाठी उपयोगाचा नसतो.

कोरोनॉइडचा तुकडा साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. तो इतर हाडांच्या सावलीत असतो. दिसतात त्या त्याच्या खुणा: अल्नाच्या खाचेखालचं हाड नेहमीपेक्षा पांढरं, अँकोनियलच्या पाठीवर हाडाचा बारीक काटा. त्यामुळे पिल्लू स्पष्ट लंगडतंय, कोपर दुखतंय आणि एक्स-रे स्वच्छ आहे, अशा वेळी पुढची तपासणी सीटी स्कॅन. आर्थ्रोस्कोपी, म्हणजे बारीक दुर्बिणीने सांध्याच्या आत बघणं, त्याच्याही पुढची; त्यात बघणं आणि दुरुस्ती एकाच भुलेत उरकता येते.

महाराष्ट्रात परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या दवाखान्यांत शस्त्रक्रिया विभाग असतो. प्राण्यांसाठी सीटी आणि दुर्बिणीची सोय मात्र मोजक्या मोठ्या शहरांतच मिळते. निघण्याआधी फोन करून यंत्र चालू आहे का, भूलतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारा.

रिपोर्टवर कधी ० ते ३ अशी श्रेणी लिहिलेली असते. ही पद्धत १९८९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल एल्बो वर्किंग ग्रुपची. हाडाचे काटे नाहीत तर ०. २ मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर १. २ ते ५ मिलिमीटर असतील तर २. ५ च्या वर गेले, किंवा तुकडा वा सुटं अँकोनियल स्पष्ट दिसलं तर ३. ही श्रेणी मुख्यतः प्रजननाच्या निर्णयासाठी केलेली आहे. ती संधिवात मोजते, वेदना मोजत नाही. श्रेणी ३ चं कुत्रं निवांत फिरताना दिसतं आणि श्रेणी १ चं पाय टेकत नाही, असंही होतं.

तिसरी पायरी: ऑपरेशन करायचं का

याचं उत्तर दोष कोणता आणि वय किती यावर ठरतं.

सुटं अँकोनियल लवकर सापडलं, साधारण सहा-सात महिन्यांच्या आत, तर ते पुन्हा जुळवण्याचा प्रयत्न करता येतो. अल्ना वरच्या भागात कापून तिच्यावरचा ताण सोडवतात आणि बऱ्याचदा टोकाला स्क्रूही मारतात. वेळ निघून गेली की ते टोक काढून टाकणंच उरतं, आणि मग सांधा थोडा अस्थिर राहतो. घड्याळ सर्वांत जोरात चालतं ते इथेच.

कोरोनॉइडचा सुटा तुकडा किंवा कूर्चेचा पापुद्रा दुर्बिणीने काढतात. काढल्यावर बऱ्याच पिल्लांचं लंगडणं कमी होतं, पण संधिवाताची वाटचाल थांबत नाही. "ऑपरेशन केलं म्हणजे सुटलो" असं कोणी सांगत असेल तर दुसरं मत घ्या. कुत्रं चार-पाच वर्षांचं आहे, सांध्यात काटे भरलेत, अशा वेळी तुकडा काढून फारसा फरक पडत नाही. तिथे वजन, औषध आणि व्यायाम यांवरच भर ठेवावा. हाडं कापून भार बाहेरच्या बाजूला सरकवणाऱ्या शस्त्रक्रिया आणि कृत्रिम कोपर हे पर्याय जगात आहेत, पण ते शेवटचे आणि गुंतागुंतीचे.

ऑपरेशननंतरचे सहा ते आठ आठवडे ऑपरेशनइतकेच महत्त्वाचे. सर्जनचं वेळापत्रक पहिलं. सर्वसाधारण चाल अशी असते: पहिले दोन आठवडे फक्त शी-शूसाठी, पट्ट्यावर, पाच-पाच मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १० मिनिटं, दिवसातून तीनदा. पाचव्या-सहाव्यात १५ मिनिटं, तीनदा. हाड कापलं असेल तर ते जुळल्याचा एक्स-रे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. गडबड होते ती तिसऱ्या आठवड्यात. टाके निघालेले असतात, पिल्लाला बरं वाटतं आणि घरच्यांना दया येते. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलर काढतात, गच्चीवर मोकळं सोडतात आणि सगळं मागे जातं.

चौथी पायरी: वजन

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ३० किलोचं असायला हवं ते लॅब ३६ किलोचं असेल, तर जादा सहा किलोंतले साडेतीन किलोंच्या वर त्या दोन दुखऱ्या कोपरांवर, दिवसभर, प्रत्येक पावलाला.

अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी सरासरी १३ वर्षं जगली, दुसरी ११.२ वर्षं, आणि संधिवातावर औषधोपचाराची वेळही कमी खाणाऱ्यांवर तीनेक वर्षं उशिरा आली. इतका फरक पाडणारी गोळी अजून कोणी बनवलेली नाही.

जाडी डोळ्याने ओळखू येत नाही, कारण आजूबाजूची बहुतेक लॅब जाडच असतात. हाताने ओळखा. तुमची मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं गाठींवरून फिरवा: फासळ्या अशा लागल्या तर कुत्रं हडकुळं. आता तोच पंजा सरळ पसरून त्याची मागची बाजू चाचपा: फासळ्या अशा लागायला हव्यात. आता तळहाताच्या बाजूने बोटांच्या मुळाशी चाचपा: फासळ्या अशा, मांसात दडलेल्या लागल्या तर वजन जास्त आहे. डॉक्टर याला १ (अगदी हडकुळं) ते ९ (फार लठ्ठ) असे गुण देतात. कोपराच्या रुग्णाने ४ वर राहावं, फार तर ५.

आता हिशेब. लक्ष्य वजन ३० किलो धरलं तर शरीराची मूळ गरज दिवसाला सुमारे ९०० कॅलरी. वजन उतरवताना सुरुवात इथून करतात. कोरड्या खाद्याच्या पिशवीवर १०० ग्रॅममध्ये किती कॅलरी ते छापलेलं असतं. ३५० असतील तर दिवसाचं खाद्य सुमारे २५५ ग्रॅम. त्यातल्या ९० कॅलरी खाऊसाठी बाजूला काढल्या तर २३० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा. वाटी किंवा मग वापरू नका, "एक मग"मध्ये रोज २०-३० ग्रॅमची चूक सहज होते.

मग घरातली गळती शोधा. सकाळच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे साधारण १०० कॅलरी. एक मध्यम पोळी आणखी १००, तूप लावलं तर त्याहून जास्त. आजोबांकडून अर्धी पोळी, मुलांच्या ताटातला वरणभात, वॉचमनकाकांकडचा टोस्ट. रोजच्या नऊशेपैकी तीनशे इथेच गेले. यावर एकच उपाय चालतो: दिवसाचा सगळा खाऊ सकाळी एका डब्यात काढून ठेवायचा. ज्याला लाड करायचेत त्याने त्याच डब्यातून द्यायचं. डबा संपला की लाड संपले. डब्यात काकडी, गाजर, उकडलेला दुधी, उकडलेली फरसबी चालते. द्राक्षं, मनुका, कांदा चालत नाही.

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतार योग्य. ३६ किलोंतून ३० वर यायला तीन-चार महिने लागतात. दर पंधरा दिवसांनी, सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर. उचलता येत असेल तर कुत्र्याला घेऊन काट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. नाहीतर दवाखान्यातला जमिनीवरचा काटा वापरा. दोनदा काटा जागचा हलला नाही तर खाद्य १० टक्क्यांनी कमी करा. पहिल्या दोन-अडीच किलोंतच चालीत फरक दिसायला लागतो, आणि घरच्यांचा धीर त्यावर टिकतो.

अजून वाढणाऱ्या पिल्लाला मात्र असं डाएट लावायचं नाही. त्याला मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं पूर्ण खाद्य मोजून द्यायचं आणि अंगाने सडपातळ ठेवायचं.

पाचवी पायरी: औषधं

वेदना आणि सूज कमी करणाऱ्या औषधांत कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब ही नेहमीची. सगळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. मेलॉक्सिकॅमची नेहमीची मात्रा पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, नंतर रोज ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याला रोज ३ मिलिग्रॅम. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. "तेच तर औषध आहे" म्हणून ती दिली तर अडीच ते पाचपट मात्रा गेली. घरातलं इब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक तर अजिबात नाही. कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. (जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ पासून बंदी आहे ती मात्र अशा जनावरांचं मढं खाऊन गिधाडं मरायची म्हणून, पर्याय म्हणून तेव्हा पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम.)

औषध खाण्याबरोबर द्या. सुरू करण्याआधी रक्ततपासणी, मग दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दीर्घकाळ चाललं तर सहा महिन्यांनी. उलटी, जुलाब, डांबरासारखी काळी शी, खाणं बंद, एकदम वाढलेली तहान, यातलं काहीही दिसलं की गोळी थांबवा आणि फोन करा. स्टेरॉइड आणि ही औषधं एकत्र कधीच नाहीत. खाज सुटते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलेलं असतं आणि कोपराच्या डॉक्टरांना ते माहीतच नसतं, अपघात असा होतो. सगळ्या चिठ्ठ्या एका फाइलीत ठेवा.

माशाच्या तेलाचा थोडा पण खरा उपयोग होतो. त्यातली ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं मिळून किलोमागे सुमारे १०० मिलिग्रॅम हे संधिवातासाठीचं प्रमाण. बाजारातल्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ही दोन मिळून ३०० मिलिग्रॅमच असतात, म्हणजे ३० किलोला दहा कॅप्सूल झाल्या. तीव्र कॅप्सूल घ्या, थोड्यापासून वाढवत जा (एकदम दिली तर जुलाब), आणि तिच्या कॅलरी हिशेबात धरा. कॉड लिव्हर ऑइल वेगळं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं, एवढ्या मात्रेत ते धोक्याचं. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांमागे पुरावा फार कच्चा आहे. बजेट तंग असेल तर त्या पैशांत डिजिटल काटा आणि मॅट घ्या.

सहावी पायरी: फरशी, जिना, व्यायाम

फ्लॅटमधली व्हिट्रिफाइड टाइल ही या कुत्र्याची रोजची शत्रू. पाय घसरला की कोपर बाहेर फाकतं. घरभर गालिचा नको. कुत्र्याच्या रोजच्या वाटा बघा. झोपायची जागा ते पाण्याचं भांडं, तिथून मुख्य दार. बेल वाजली की जिथून ते सुटतं ती वाट सर्वांत महत्त्वाची. तेवढ्या वाटेवर रबरी तळाचे पट्टे किंवा योगा मॅट अंथरा. सतरंजी नुसती टाकली तर तीच घसरते. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर ती वाढलेली आहेत. पंज्याच्या गाद्यांमधले केस महिन्यातून एकदा कापा. खाण्याची भांडी मॅटवरच ठेवा.

सोफ्यावरून, गाडीतून उडी नाही. उतरताना सगळं वजन पुढच्या पायांवर आदळतं. गाडीला उतरती फळी लावा किंवा छातीखाली हात देऊन उतरवा. लिफ्ट नसेल तर पोटाखाली पंचा घालून नव्हे, हार्नेसला धरून पुढचा भाग उचला; पंच्याची युक्ती मागच्या पायांच्या रुग्णाची आहे. झोपायला दाबल्यावर फरशी लागणार नाही अशी जाड गादी हवी, नाहीतर कोपरावर घट्टे पडतात.

व्यायामाचं सूत्र: रोज सारखा, थोडा, पट्ट्यावर. सोमवार ते शुक्रवार दहा मिनिटं आणि रविवारी सिंहगड, असं केलं की सोमवारी कुत्रं उठत नाही. दिवसातून तीनदा १५ मिनिटं हे एकदा ४५ मिनिटांपेक्षा बरं. फिरून आल्यावर किंवा दुसऱ्या सकाळी जास्त लंगडलं तर कालचं अंतर एक चतुर्थांशाने कमी करा, आठवडाभर तिथेच थांबा, मग पाच-पाच मिनिटांनी वाढवा. चेंडू फेकणं बंद. कुत्र्याला ते सर्वांत आवडतं आणि कोपराला सर्वांत नडतं: भरधाव धाव, करकचून ब्रेक, जागच्या जागी वळण. त्याऐवजी खाद्य गवतात विखरून हुंगायला लावा. डोकं दमतं, कोपर दमत नाही. पोहणं चांगलं, पण उडी मारून पाण्यात शिरणं नको, उतारावरून चालत शिरू द्या. थंडीत आणि पावसाळी सकाळी बाहेर पडण्याआधी कोपराला दहा मिनिटं कोमट शेक द्या, आपल्या मनगटावर सोसेल इतकाच.

दुखणं अधूनमधून उसळतं. तेव्हा तीन-चार दिवस फक्त शी-शूपुरतं बाहेर, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं दिवसातून दोन-तीनदा, आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली औषधाची योजना. अशी योजना बरं असतानाच मागून ठेवा. दुखणं शनिवारी रात्रीच उसळतं.

कॅल्शियम आणि नवं पिल्लू

मोठं कुत्रं जादा कॅल्शियम बाहेर टाकतं. लहान पिल्लाला, साधारण सहा महिन्यांपर्यंत, ते जमत नाही. पोटात गेलेलं बरंचसं शोषलं जातं आणि वाढत्या हाडांची घडण बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या १.२ ते १.८ टक्के कॅल्शियम असावं. चांगल्या पूर्ण खाद्यात ते असतंच, त्यावर बाटली ओतायची गरज नाही. नुसत्या दूध-पोळीवर किंवा नुसत्या मटणावर वाढणाऱ्या पिल्लाला मात्र कॅल्शियम खरंच कमी पडतं, हाडं वाकतात. तिथेही उपाय आहार बदलण्याचा, बाटलीचा अंदाजपंचे चमचा नव्हे.

लॅब्रॅडॉर, गोल्डन आणि जर्मन शेफर्डची नसबंदी वर्षाच्या आत केली तर सांध्यांचे आजार वाढतात असं अभ्यासांत दिसलं आहे. तारीख डॉक्टरांशी बोलून पुढे ढकला. ज्याच्या कोपरात दोष आहे त्याची पिल्लं मात्र घ्यायची नाहीत, दिसायला कितीही देखणं असलं तरी.

नवं पिल्लू घ्यायला गेलात तर आई आणि बाप दोघांच्याही कोपराचे एक्स-रे रिपोर्ट मागा. ब्रिटनमधल्या योजनेत ते वयाच्या एका वर्षानंतर काढतात, अमेरिकेत अंतिम दाखला दोन वर्षांनंतर देतात, आणि दोन कोपरांपैकी वाईट असलेल्याची श्रेणी कुत्र्याची धरतात. "आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही" एवढंच उत्तर मिळालं, तर त्याचा अर्थ "आम्ही तपासलेलं नाही" असा घ्या.